झडीच्या दिवसांतला टीव्ही

जुना अ‍ॅनालॉग टीव्ही बिघडायचा तो हळूहळू. पडद्यावर आधी थोड्या मुंग्या येत, मग आवाजात खरखर मिसळे, आणि तरीही बातम्या कोण देत आहे व काय सांगत आहे एवढे कळत राही. डिजिटल टीव्हीला ही मधली अवस्था जवळजवळ नाहीच. क्षणभर चित्राचे चौकोनी तुकडे होतात आणि लगेच ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येते. विदर्भातील खेड्यांत पावसाळाभर हा अनुभव घरोघरी येतो.

अ‍ॅनालॉग प्रक्षेपणात चित्रातील उजेड-अंधारानुसार रेडिओ लहरीची तीव्रता कमीजास्त होत असे. आपल्याकडील पाल पद्धतीत ६२५ आडव्या रेषांचे चित्र सेकंदाला २५ वेळा पाठवले जाई. वाटेत मिसळलेला गोंगाट ओळखून बाजूला काढण्याची सोय टीव्हीत नसल्यामुळे तो तसाच पडद्यावर उतरे. मात्र या लहरी लांब असत. सुमारे २०० मेगाहर्ट्‌झची लहर दीड मीटरची, म्हणून अँटेनाची मुख्य काडी तिच्या निम्मी, पाऊण मीटरच्या आसपास असे. अशा लहरीला पावसाचे थेंब अडवू शकत नाहीत. बांबूला बांधलेली अँटेना वाऱ्याने फिरली नाही, तर झडीतही चित्र येई.

डिजिटल पद्धतीत चित्राचे आकडे होतात, आणि ते अफाट असतात. ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे साधे चित्र जसेच्या तसे पाठवायचे, तर सेकंदाला सुमारे १६६ मेगाबिट लागतील. म्हणून चित्र ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकोनांत तोडून डोळ्याला न जाणवणारा तपशील गाळला जातो, आणि मागच्या चित्रातला न बदललेला भाग पुन्हा पाठवला जात नाही. तपशील गाळण्याची गणिती रीत बंगळुरात जन्मलेले नासिर अहमद आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९७४ साली प्रसिद्ध केली. बिघाडाच्या वेळी दिसणारे तुकडे हे याच चौकोनांचे.

इतके आटवलेल्या माहितीत एखादी चूकही महाग पडते, त्यामुळे दुरुस्तीची तजवीज सोबतच पाठवावी लागते. उपग्रहावरील डीव्हीबी-एस या मानकात माहितीच्या प्रत्येक १८८ बाइटमागे १६ जादा बाइट जोडलेले असतात, आणि त्यांच्या आधारे सेटटॉप बॉक्स त्या गठ्ठ्यातील ८ बाइटपर्यंतच्या चुका पूर्णपणे सुधारतो. आठपर्यंत चित्र निर्दोष राहते. नववी चूक झाली की गठ्ठा वाया जातो. मधली पायरी नाही ती यामुळे.

युरोपात डिजिटल प्रक्षेपण बऱ्याच ठिकाणी जुन्याच मनोऱ्यांवरून सुरू झाले. दूरदर्शननेही २०१६ साली १६ शहरांत ते सुरू केले. त्यांत महाराष्ट्रातून मुंबई आणि तेव्हाचे औरंगाबाद होते, विदर्भातले एकही शहर नव्हते. पुढे ३१ मार्च २०२२ पर्यंत, मोक्याच्या ठिकाणची सुमारे ५० केंद्रे वगळता, देशभरची अ‍ॅनालॉग प्रक्षेपण केंद्रे बंद झाली. तोवर खेडी आपल्या वाटेने डिजिटल झालीच होती: डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली दूरदर्शनची मोफत सेवा, म्हणजे आजची फ्री डिश, घराघरांवर छत्र्यांच्या रूपाने पोचली होती. माझ्या मते ही सोय मोठी होती, पण तिच्यासोबत पाऊसही टीव्हीत शिरला.

कारण उपग्रहाची लहर ११ ते १२ गिगाहर्ट्‌झची, म्हणजे जेमतेम अडीच सेंटीमीटर लांबीची असते, आणि पावसाचे मोठे थेंब तिला शोषतात व विखुरतात. येथे पाऊस किती वेळ पडतो यापेक्षा किती जोराने पडतो याला महत्त्व आहे. दोन दिवस भुरभुरणारी झड टीव्ही बहुधा चालू देते. विजा कडाडत आलेली वीस मिनिटांची सर तो बंद पाडते.

फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर आहे. यवतमाळकडून पाहता तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६० अंश उंच असतो. छत्री मात्र तेवढी वर पाहताना दिसत नाही, कारण तिची बनावटच तिरकस लहर झेलण्यासाठी केलेली असते. माकडाच्या उडीने ती एखादा अंश हलली, तरी कोरड्या दिवशी चित्र कदाचित टिकेल. पावसासाठी राखलेली सिग्नलची शिल्लक मात्र घटते. ६० ऐवजी ९० सेंटीमीटर व्यासाची छत्री लावली, तर सव्वादोन पट सिग्नल गोळा होतो आणि ही शिल्लक वाढते.