ओर्लेआंचा ड्यूक चार्ल्स : ओलीस, युद्धकैदी आणि खंडणी

पंधराव्या शतकातला फ्रेंच सरदार आणि कवी, ओर्लेआंचा ड्यूक चार्ल्स याच्याबद्दल एक वाक्य नेहमी वाचायला मिळतं : खंडणी न मिळाल्यामुळे इंग्रजांनी त्याला पंचवीस वर्षं ओलीस ठेवलं. या वाक्यातला ‘ओलीस’ चुकीचा आहे आणि ‘खंडणी’ दिशाभूल करणारा. हे दोन शब्द बाजूला केल्याशिवाय त्याचं आयुष्य समजत नाही.

ओलीस होता तो त्याचा धाकटा भाऊ. २३ नोव्हेंबर १४०७ च्या रात्री पॅरिसच्या रस्त्यावर त्यांच्या वडिलांचा, म्हणजे फ्रान्सच्या राजाच्या सख्ख्या भावाचा, खून झाला. खून बर्गंडीच्या ड्यूकने, म्हणजे वडिलांच्याच चुलतभावाने, घडवून आणला होता. दुसऱ्या दिवशी चार्ल्सला तेरा वर्षं पूर्ण झाली. वर्षभराने आई गेली आणि घराण्याचं वैर या मुलाच्या अंगावर पडलं. बर्गंडीशी लढायला त्याच्या गटाने १४१२ मध्ये इंग्रज फौज बोलावली. फौज उतरेपर्यंत फ्रान्समध्ये आपसांत समेट झाला होता. आता तिला परत पाठवायचं तर पैसे मोजावे लागणार होते, आणि तिजोरीत तेवढे नव्हते. म्हणून तारण दिला गेला बारा-तेरा वर्षांचा भाऊ. कर्ज फिटलं की सुटका, असा तो सरळ व्यवहार होता.

चार्ल्स स्वतः तीन वर्षांनी, इंग्रजांनी फ्रेंचांना हरवलं त्या अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईत सापडला. प्रेतांच्या ढिगाखालून त्याला जिवंत बाहेर काढलं तेव्हा एकविसावं वर्ष पूर्ण व्हायला महिना बाकी होता. तो युद्धकैदी होता, आणि त्या काळच्या युद्धनीतीप्रमाणे युद्धकैद्याला किंमत ठरवून घेण्याचा मार्ग असे. ती भरली की तो मोकळा. याला मराठीत सरसकट खंडणी म्हणतात. पण खंडणी म्हटलं की आपल्याला एकतर मराठ्यांनी मुलखावर बसवलेली रक्कम आठवते, नाहीतर फोनवरून धमकी देऊन उकळलेले पैसे. इथे दोन्ही नाही. मुक्तिधन म्हणावं, निदान गैरसमज तरी होत नाही.

खरा प्रश्न पुढचा आहे. किंमत ठरवून सोडण्याची रीत होती, तर याला पंचवीस वर्षं का? कारण इंग्लंडच्या राजाला पैशांपेक्षा माणूस महत्त्वाचा वाटत होता. १४२२ मध्ये मरताना त्याने बजावलं, असं वृत्तांतात आहे, की माझा मुलगा सज्ञान होईपर्यंत ओर्लेआंच्या ड्यूकला आणि (तिथेच पकडलेला दुसरा फ्रेंच सरदार) यूच्या काउंटला सोडू नका. मुलगा तेव्हा नऊ महिन्यांचाही नव्हता. विंडसर, पाँटिफ्रॅक्ट, फोदरिंगे, बोलिंगब्रोक, अँप्टहिल, विंगफील्ड असे त्याचे मुक्काम बदलत राहिले. त्याच्या शहराला वेढा पडला आणि १४२९ मध्ये उठला, दुसरी बायको वारली, ते सगळं त्याला परक्या देशात कळलं.

१४४० मध्ये सुटकेचं ठरलं तेव्हा इंग्लंडच्या राजाच्या काकाने लेखी हरकत घेतली. मृत भावाची आज्ञा मोडू नका, हा माणूस फ्रान्सच्या राजापेक्षा हुशार आहे, आपली गुपितं याला ठाऊक आहेत, असं त्याचं म्हणणं. गुपितांची भीती मला अगदी निराधार वाटत नाही. पण आज्ञेचा मुद्दा टिकत नाही. राजा १४३७ मध्येच सज्ञान ठरला होता, आणि त्याच आज्ञेतला यूचा काउंट १४३८ मध्ये सुटलाही होता. आज्ञेची मुदत संपली होती. उरली होती ती त्या काकाची फ्रान्सशी तह नको ही भूमिका. २८ ऑक्टोबरला वेस्टमिन्स्टरमध्ये चार्ल्स सुटकेच्या अटींची शपथ घ्यायला उभा राहिला; प्रार्थना सुरू होताच काका उठला, बाहेर जाऊन आपल्या होडीत बसला.

सुटकेचे पैसे उभे करण्यात पुढाकार होता वडिलांच्या खुन्याच्या मुलाचा आणि सुनेचा. त्यांच्याच नात्यातल्या चौदा वर्षांच्या मुलीशी चार्ल्सने महिन्याभरात लग्न केलं. इंग्लंड-फ्रान्स तहाच्या कामात त्याला फारसं यश आलं नाही. तो फ्रान्समध्ये ब्लोआला राहिला, कविता लिहिल्या, कवींना जमवलं. सदुसष्टाव्या वर्षी मुलगा झाला. तो १४९८ मध्ये फ्रान्सचा राजा झाला. त्याच्यामागून १५१५ मध्ये गादीवर आला तो त्या ओलीस भावाचा नातू. भाऊ मात्र चार्ल्सच्या सुटकेनंतरही काही वर्षं इंग्लंडातच अडकून होता; १४१२ चं कर्ज फिटलं नव्हतं.

व्हॅलेंटाइन डे जवळ आला की याच चार्ल्सचं नाव पुन्हा फिरतं : १४१५ मध्ये लंडनच्या टॉवरमधून बायकोला पहिलं व्हॅलेंटाइन पत्र. सोबत एक सुंदर चित्र असतं. त्यात तो एकाच वेळी खिडकीत उभा, मेजाशी लिहिताना आणि अंगणात निरोप्याच्या हाती पत्र देताना दिसतो. ते चित्र त्याच्या मृत्यूनंतर रंगवलेल्या हस्तलिखितातलं आहे. ज्या कवितेला हे पत्र म्हणतात, तिच्यात तर तो म्हणतो की प्रेमाला मी केव्हाच कंटाळलो आहे. आणि १४१५ च्या फेब्रुवारीत तो कोणाच्याच कैदेत नव्हता. अ‍ॅजिनकोर्टची लढाई झाली त्याच वर्षी, २५ ऑक्टोबरला.