चाल घेतली की आवाज घेतला?

‘रॅपर्स डिलाइट’ या रॅप गाण्यात शीक या बँडचं ‘गुड टाइम्स’ सॅम्पल केलंय, म्हणजे त्याच्या रेकॉर्डचा तुकडाच उचललाय, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालायचाही कंटाळा येतो. तरी घालतोच. १९७९ साली शुगरहिल गँगने ते गाणं केलं, तेव्हा त्याचा कणा असलेली बेस गिटार स्टुडिओत बोलावलेल्या वादकांनी नव्याने वाजवली. जवळजवळ पंधरा मिनिटं आपण ऐकतो ती शीकच्या बेसवादकाची, बर्नार्ड एडवर्ड्सची चाल आहे, पण बोटं बर्नार्ड एडवर्ड्सची नाहीत. याला इंटरपोलेशन म्हणतात. आणि सॅम्पल ऐकायचं असेल तर दोनच वर्षं पुढे या. १९८१ मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश या डीजेने टर्नटेबलांवर रेकॉर्डी फिरवत एक अख्खं गाणं मुद्रित केलं. त्यातही ‘गुड टाइम्स’ आहे, पण तिथे शीकची रेकॉर्डच वाजते. आवाजाचे तुकडे साठवून वाजवणारं सॅम्पलर नावाचं यंत्र अजून त्याच्या हातात नव्हतं, काम मात्र तेच होतं. दोन्ही गाणी एकापाठोपाठ लावा आणि फक्त बेस ऐका. ज्याला फरक ऐकू आला त्याने पुढचं नाही वाचलं तरी चालेल.

बाकीचे घोळ किरकोळ आहेत. कव्हर म्हणजे दुसऱ्याचं गाणं अख्खं आपण म्हणणं. रीमिक्स म्हणजे त्याच गाण्याचे मूळ ट्रॅक घेऊन केलेली नवी मांडणी. रॅप म्हणजे हिपहॉप नव्हे, तो हिपहॉप या अख्ख्या संस्कृतीचा एक भाग. डीजेगिरी, ब्रेकडान्स आणि ग्राफिटी हे बाकीचे. हे कुणी चुकलं तर मी ओठ आवळून गप्प बसतो.

सॅम्पल काय असतं हेही बहुतेकांना ठाऊक असतं: आधीच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा कापायचा, हवा तसा फिरवायचा, आपल्या गाण्यात बसवायचा. यात चुकण्यासारखं काही नाही. चूक होते ती दुसऱ्या टोकाला. ‘इंटरपोलेशन म्हणजे थोडंसं सॅम्पल’, ‘सॅम्पलचा सभ्य भाऊ’ असलं काहीतरी लोक डोक्यात धरून बसतात. प्रमाणाचा इथे काही संबंध नाही. दोन सेकंद कापले तरी ते सॅम्पलच, आणि अख्खा मुखडा नव्याने गाऊन घेतला तरी ते इंटरपोलेशनच.

खरं तर मराठी माणसाला हे समजायला जड जायला नको. जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं उघडा. पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात ‘चाल’ असं लिहून एखाद्या लावणीचे, ठुमरीचे किंवा कानडी पदाचे पहिले शब्द दिलेले असतात. गणपतीत सिनेमाच्या चालीवर आरत्या म्हटल्या जातात त्याही तशाच. ‘अमक्याच्या चालीवर’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे इतका रुळलेला आहे की इंटरपोलेशनला वेगळा प्रतिशब्द शोधायची गरजच नाही. चालीवर केलेल्या पदात मूळ गाणाऱ्याचा श्वाससुद्धा नसतो. सॅम्पलमध्ये तो श्वासच घेतलेला असतो. त्या दिवशीची ती खोली, तो माइक, ढोलाचं तेच कातडं, शेजारच्या वादकाची चुकून आलेली खाकर, सगळं त्या तुकड्यासोबत येतं.

आता खरा गुंता. प्रत्येक मुद्रित गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल. ती लिहिणाऱ्याची किंवा त्याच्या प्रकाशकाची. दुसरी ध्वनिमुद्रण, त्या धंद्यात ज्याला मास्टर म्हणतात, आणि ते बहुतेक वेळा रेकॉर्ड कंपनीचं. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा धरलेला आहे. चाल घेतली तर पहिल्या मालकाला विचारावं लागतं. सॅम्पल घेतलं तर दोघांना, कारण ध्वनिमुद्रण उचललं की त्यात बसलेली चालही आपोआप उचलली जाते. दोघांपैकी एक जरी ‘नाही’ म्हणाला तरी सॅम्पल गेलं.

कान्ये वेस्ट या रॅपरच्या ‘ऑल फॉल्स डाउन’चं नेमकं हेच झालं. त्याला गायिका लॉरिन हिलच्या मैफिलीतल्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा हवा होता. तो वापरायची परवानगी जमेना. मग सिलीना जॉन्सन या गायिकेला बोलावून तीच ओळ तिच्याकडून गाऊन घेतली. २००४ मध्ये गाणं गाजलं. श्रेयात लॉरिन हिलचं नाव आहे, कारण चाल आणि शब्द तिचे. गाण्यात ती स्वतः कुठेच नाही. तरीही ‘लॉरिन हिलचं सॅम्पल’ असं म्हणणारे मला दर महिन्याला एकदा तरी भेटतात.

उलट बाजूचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे पीट रॉक आणि सी. एल. स्मूद या हिपहॉप जोडीचं १९९२ चं शोकगीत. मित्र गेल्याच्या दुःखात केलेलं. त्यातला तो सॅक्सोफोन एकदा ऐकला की डोक्यातून जात नाही. तो टॉम स्कॉटच्या १९६७ च्या रेकॉर्डमधला तुकडा आहे. आणि टॉम स्कॉट तरी काय वाजवत होता? जेफरसन एअरप्लेन या रॉक बँडचं गाणं, आपल्या ढंगात. म्हणजे रचना एकाची, ध्वनिमुद्रण दुसऱ्याचं, आणि त्या दोन्हींवर उभं तिसऱ्याचं गाणं. पीट रॉकने जेफरसन एअरप्लेनचं गाणं नुसतं वाजवून घेतलं असतं, तर त्या सॅक्सोफोनची ती विव्हळ त्याला मिळालीच नसती. ती कागदावर लिहिलेली नव्हती.

यातली सर्वांत कडू गोष्ट ढोलवाल्यांची. जेम्स ब्राउनच्या १९७० साली आलेल्या ‘फंकी ड्रमर’मध्ये क्लाइड स्टबलफिल्डने थोडा वेळ एकट्याने ड्रम वाजवले. तो तुकडा शेकडो हिपहॉप गाण्यांत आहे. स्टबलफिल्ड रचनाकार नव्हता आणि मास्टरचा मालकही नव्हता. दोन्ही खिडक्या त्याच्यासाठी बंद. ज्याच्या हातांमुळे तो तुकडा उचलावासा वाटला, त्याच्या हातात काही पडलं नाही. सॅम्पलिंगचा मी कितीही कैवार घेत असलो तरी इथे माझ्याकडे उत्तर नाही.

‘पाच-सात सेकंदांपर्यंत चालतं’ ही आणखी एक लोककथा. असा नियम कुठेही नाही. अमेरिकेतल्या एका खटल्यात फंकाडेलिक या बँडच्या गाण्यातली जेमतेम दोन सेकंदांची गिटार होती, तीही पट्टी उतरवून घेतलेली. २००५ च्या निकालात न्यायालय म्हणालं, परवाना घ्या नाहीतर सॅम्पल करू नका. (२०१६ मध्ये दुसऱ्या एका अपील न्यायालयाने नेमकं उलट मत दिलं, तेव्हा वाद मिटलेला नाही.) पण त्याच निकालात पुढे असंही म्हटलंय की एखाद्याला ती गिटारीची सुरावट हवीच असेल, तर त्याने स्टुडिओत ती खुशाल स्वतः वाजवावी, ध्वनिमुद्रणाचा हक्क आड येणार नाही. सॅम्पल आणि इंटरपोलेशन यांतला फरक न्यायाधीशाने इतका सरळ मांडला, तरी आपले संगीतप्रेमी अजून घोळातच.

आता इतिहासाकडे येतो, कारण तिथेही एक हट्टी गैरसमज आहे: हिपहॉप सॅम्पलमधून जन्मलं. नाही. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या सेज्विक अ‍ॅव्हेन्यूवर जमैकाहून आलेल्या कूल हर्क या डीजेने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी लावल्या. नाचणारे गाण्यातल्या नुसत्या ढोलाच्या तुकड्यावर पेटतात हे त्याच्या लक्षात आलं, आणि पुढे एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन तो तो तुकडा लांबवत राहिला. हे सगळं हाताने आणि तिथल्या तिथे. स्टुडिओत शिरल्यावर मात्र हे कसब टेपवर आणणं अवघड गेलं, म्हणून वादक आले, ड्रम मशीन आली. १९८२ मध्ये आफ्रिका बंबाटाच्या ‘प्लॅनेट रॉक’मध्ये क्राफ्टवेर्क या जर्मन बँडची सुरावट आहे, तीही सिंथेसायझरवर नव्याने वाजवलेली. म्हणजे रेकॉर्डवरच्या हिपहॉपची पहिली काही वर्षं बव्हंशी इंटरपोलेशनचीच होती.

सॅम्पलचा जमाना आला तो सॅम्पलर यंत्रं स्वस्त झाल्यावर, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात. १९८७ ची ई-म्यू कंपनीची एसपी-१२०० ही त्यातली राणी. तिच्या पोटात सगळे मिळून फक्त दहा सेकंद मावायचे, आणि एका तुकड्याला अडीच सेकंद. मग पोरांनी युक्ती काढली: ३३ च्या वेगाची रेकॉर्ड ४५ वर फिरवायची, तुकडा कमी सेकंदांत बसवायचा, आणि यंत्रात गेल्यावर वेग उतरवायचा. या उतरवण्यात आवाज भुरकट व्हायचा, कडा झिजायच्या, खाली एक खरखर यायची. न्यूयॉर्कचा म्हणून जो आवाज ओळखला जातो, करकरीत ढोल आणि त्यामागे धुळीतून आल्यासारखा जॅझचा तुकडा, त्यात या काटकसरीचा मोठा वाटा आहे. तिथला निर्माता डीजे प्रीमियर तर तुकड्याचेही तुकडे करून ते नव्या क्रमाने वाजवायचा. मूळ रेकॉर्ड समोर ठेवली तरी ओळखता येत नाही.

मग डिसेंबर १९९१ आला. बिझ मार्की या रॅपरने गायक गिल्बर्ट ओ’सुलिव्हनच्या गाण्याचा तुकडा परवानगी न घेता वापरला होता. न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच बायबलमधल्या ‘चोरी करू नकोस’ या आज्ञेने केली. अल्बम दुकानांतून परत गेला. (बिझने पुढच्या अल्बमला नाव दिलं ‘ऑल सॅम्पल्स क्लिअर्ड’. मला हा माणूस आवडतो.) त्यानंतर एका गाण्यात वीस-वीस तुकडे कोंबणं परवडेनासं झालं.

त्याच सुमारास लॉस एंजेलिसमध्ये रॅपर आणि निर्माता डॉक्टर ड्रे दुसरी वाट चालत होता. १९९२ च्या ‘द क्रॉनिक’ या अल्बममध्ये ढोलाचे तुकडे रेकॉर्डींतून घेतले, पण बेस, कीबोर्ड आणि पार्लमेंट-फंकाडेलिकच्या सुरावटी त्याने बऱ्याचशा वादकांकडून वाजवून घेतल्या. याचं कारण नुसतं वकिलाची भीती असं सांगतात, ते मला अर्धवट वाटतं. रेकॉर्डमधला तुकडा एकसंध येतो. त्यातला बेस एकटा वर करता येत नाही. वाजवून घेतलं की प्रत्येक वाद्य सुटं हाताशी असतं. जी-फंक म्हणून ओळखल्या गेलेल्या त्याच्या शैलीचा तो लख्ख, रुंद, गाडीच्या काचा हलवणारा आवाज सॅम्पलमधून निघूच शकला नसता. पूर्व किनारा आणि पश्चिम किनारा म्हणून भांडणाऱ्यांनी आधी हे ऐकावं. शिव्या आणि गोळीबार बाजूला ठेवले तर दोन शहरांच्या आवाजातला मोठा फरक इथे आहे, एकीकडे धूळ उचलली आणि दुसरीकडे वाजवून घेतलं.

मग श्रेष्ठ काय? ‘सॅम्पल म्हणजे आळस, वाजवणं म्हणजे कष्ट’ असं म्हणणाऱ्यांपुढे मी ‘डोनट्स’ ठेवतो. जे डिला या निर्मात्याचा हा अल्बम फेब्रुवारी २००६ मध्ये त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी आला आणि तीन दिवसांनी तो गेला. रॅप जवळजवळ नाहीच, नुसते जुन्या सोल गाण्यांचे तुकडे. पण एखाद्या गायिकेचा शब्द अर्ध्यात कापून त्याने तिथे असा श्वास सोडलाय की मूळ गाण्यात नसलेलं दुःख उभं राहतं. ही रचनाच आहे. स्वर निवडण्याऐवजी तो आवाज निवडतो, एवढंच. उलट सध्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या हिट गाण्याचा मुखडा जसाच्या तसा नव्या गायिकेकडून म्हणवून घ्यायची जी लाट आली आहे, ती शंभर टक्के कायदेशीर आणि माझ्या मते पूर्ण आळशी. वाजवून घेण्याला माझी हरकत नाही. ओळखीच्या चालीवर ऐकणाऱ्याला गुदगुल्या करून पैसे काढण्याला आहे.

लताबाईंचं उदाहरण न देता हा विषय सोडणं मला जमणार नाही. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ अमेरिकेत गाजलं. निर्माता डीजे क्विक, आणि लेबल म्हणजे रेकॉर्ड कंपनी, गंमत बघा, वाजवून घेण्यात वाकबगार असलेल्या त्याच डॉक्टर ड्रेचं. त्यात ‘ज्योती’ (१९८१) या चित्रपटातल्या गाण्यात लताबाई गातात तो भाग सरळ उचललेला आहे. आवाज त्यांचा, चाल बप्पी लाहिरींची. लाहिरी कोर्टात गेले, आणि त्यांचं नाव छापल्याशिवाय अल्बम विकू नये असा आदेश मिळवला. तेव्हा आपल्याकडे बरेच जण म्हणत होते की ‘त्यांनी लताच्या गाण्याची चाल ढापली’. चाल तर गेलीच होती. पण क्विकला भुरळ पडली ती चालीची असती, तर एखादी गायिका त्याला गावात कुठेही मिळाली असती.

कान तयार करायचा असेल तर रॅपर पफ डॅडीचं १९९७ चं ‘आय विल बी मिसिंग यू’ घ्या. त्यातली गिटार ही द पोलीस या बँडच्या रेकॉर्डवरून घेतलेली, अँडी समर्सने वाजवलेली. ते सॅम्पल. गायिका फेथ इव्हान्स पोलीसच्या त्याच गाण्याच्या चालीवर नवे शब्द म्हणते ते इंटरपोलेशन. एका गाण्यात दोन्ही. आणि मूळ गाण्याचा रचनाकार म्हणून नाव पोलीसचा गायक स्टिंग याचं एकट्याचं, त्यामुळे रचनेचे पैसे त्याच्याकडे. गिटार वाजवणाऱ्या समर्सचं नाव रचनाकारांत कुठेच नाही.