निळं नाक म्हणजे नरच? थांबा जरा

‘नाक निळं तो नर, तपकिरी ती मादी’ हे बजी, म्हणजे पिंजऱ्यात पाळतात ते छोटे रंगीत पोपट, विकणाऱ्या दुकानात सर्रास ऐकवलं जातं. पूर्ण वाढलेल्या हिरव्या-निळ्या पक्ष्यांत ते बहुतेकदा खरंही ठरतं. पण विकली जातात ती पिल्लं, आणि फसगत तिथेच होते. तीन-चार महिन्यांच्या आतल्या नराचं नाक गुलाबी-जांभळट असतं, सगळीकडे एकसारखं. मादीचं मात्र फिकट निळसर दिसू शकतं. लोक तिलाच नर समजून घरी आणतात. पक्षी उजेडात धरून नाकपुड्यांभोवती पांढरी कडी आहेत का ते बघा. असतील तर बहुधा मादीच. पांढऱ्याशुभ्र किंवा पिवळ्याधमक, लाल डोळ्यांच्या नराचं नाक तर जन्मभर गुलाबी-जांभळटच राहतं. आणि मोठ्या नराचं निळं नाक तपकिरी पडू लागलं, तर थेट पक्ष्यांच्या डॉक्टरकडे जा. वृषणातल्या गाठीचं ते लक्षण असू शकतं.

जोडी आणली की पिंजऱ्यात अंडी घालायला मडकं टांगायचंच, हाही असाच एक समज. कशाला? मडकं दिसलं की मादी अंड्यांवर येते. अंडं अडकून ती दगावू शकते, वर्षाच्या आतल्या मादीला तर धोका जास्तच. पिल्लं कोण घेणार हे ठरलेलं नसेल, तर मडकं नकोच. कॅल्शियमसाठी पिंजऱ्यात समुद्रफेस (माकुळाचं पांढरं हाड) मात्र एरवीही असू द्या.