संत विन्सेंट डी पॉल सोसायटी

कॅथलिक चर्चमधल्या साध्या संसारी माणसांनी (म्हणजे फादर-सिस्टर नव्हेत) गरजूंना मदत करायला चालवलेली संघटना. मुंबई-वसईकडे नुसतं ‘एसव्हीपी’ म्हटलं की कळतं. धर्मग्रामातल्या (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या, पॅरिशमधल्या) तिच्या शाखेला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. हे नाव ऐकून नव्या माणसाला एखादी मोठी परिषद वाटते, पण ते आलंय पॅरिसच्या कॉलेजवाल्यांच्या वादविवाद मंडळावरून, जिथे इतिहासावर तावातावाने भांडणं चालायची आणि एकदा कुणीतरी विचारलं म्हणे, की तुमचा धर्म पूर्वी मोठा होता ते ठीक, पण आज गरिबांसाठी तुम्ही काय करता? १८३२ च्या कॉलऱ्याने पॅरिस हादरलेलं, त्यामुळे प्रश्न झोंबला. त्या मंडळातला विद्यार्थी फ्रेडरिक ओझानाम आणि त्याचा मित्र ल तायांदिए यांनी स्वतःची उरलेली जळणाची लाकडं उचलून एका गरीब कुटुंबाला नेऊन दिली, असं परंपरा सांगते.

पहिली बैठक कधी झाली, यावर एकमत नव्हतं. जुन्या संदर्भांत मे १८३३ सापडतं, आता बहुतेक ठिकाणी २३ एप्रिल १८३३ देतात. ती नेमकी ओझानामच्या विसाव्या वाढदिवसाची तारीख आहे, त्यामुळे जरा शंका येते, तरी तीच धरलेली बरी. संस्थापक कोण हा वाद त्याहून मोठा. सहा विद्यार्थी होते आणि सातवा एमॅन्युएल बाय्यी, वयाने बराच मोठा, वर्तमानपत्र चालवणारा. जागा त्याची, १८४४ पर्यंत अध्यक्षही तोच, म्हणून काहींनी त्यालाच संस्थापक म्हटलं. ओझानाम १८५३ मध्ये वारला, त्यानंतर वाद जास्त पेटला. सोसायटी स्वतः ‘ओझानाम आणि त्याचे सोबती’ असं काहीतरी मधलं धरते, पुराव्याला तेच जास्त जुळतं. ओझानामला १९९७ मध्ये धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. गरिबांच्या सेवेसाठी ओळखल्या जाणाऱ्या, सतराव्या शतकातल्या संत विन्सेंटचं नाव मात्र सुरुवातीला नव्हतं, ते १८३४ मध्ये लागलं. नियमावली १८३५ ची.

काम असं चालतं: ठरावीक दिवशी बैठक, प्रार्थना, मागच्या बैठकीचे मिनिट्स (वृत्तांत), मग कुणाच्या घरी कोण जाणार ते ठरतं. जायचं ते जोडीनेच. जुन्या वळणाच्या कॉन्फरन्समध्ये बैठक संपताना एक पिशवी फिरते, प्रत्येकजण त्यात मूठ घालतो आणि काढतो, किती टाकले ते शेजाऱ्यालाही कळत नाही, रिकामी मूठ घातली तरी चालतं. याला गुप्त दान म्हणतात, सुरुवातीचे सभासद स्वतःच खिशाने हलके असल्यामुळे ही पद्धत पडली असावी. घरभेट झाल्याशिवाय मदत नाही, असा रिवाज. किराणा, औषधं, पोरांची फी, घराचं छप्पर, जे अडलं ते बघायचं. धर्म विचारायचा नाही, असं नियमच सांगतो.

भारतात सोसायटी एकोणिसाव्या शतकातच आली. परदेशी कॉन्फरन्स इथल्या एखाद्या कॉन्फरन्सशी ‘ट्विनिंग’ करून थोडे पैसे पाठवते, ती सोय पुढची. घरभेट कशी द्यायची हे पहिल्या पोरांना शिकवलं पॅरिसच्या सिस्टर रोझली रांदू यांनी, गरीब घरांची यादी त्यांचीच, पण बायकांना पूर्ण सभासदत्व मिळालं ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोवर त्यांची सोसायटी वेगळी होती, इटलीत बोलोन्याला १८५६ मध्ये निघालेली.