‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ला गुण किती?

२०२४ च्या मे महिन्यात मी शिकागोजवळ भाच्याकडे होतो. घरात तेव्हा एकच विषय चालू होता. शिकागो बेअर्स या त्याच्या लाडक्या अमेरिकन फुटबॉल संघाने नुकताच ड्राफ्टमध्ये सगळ्यात पहिला म्हणून केलब विल्यम्स हा क्वार्टरबॅक घेतला होता. पण बोलणं विल्यम्सवर सुरू झालं की दहा मिनिटांत गाडी २०१७ वर यायची. त्या वर्षी बेअर्सनी तिसऱ्या क्रमांकावरून दुसऱ्यावर सरकण्यासाठी निवडीच्या पुढच्या काही पाळ्या दुसऱ्या संघाला देऊन टाकल्या आणि मिचेल ट्रुबिस्कीला घेतलं. पॅट्रिक महोम्स हा दुसरा क्वार्टरबॅक दहाव्या क्रमांकापर्यंत शिल्लक होता. तो कॅन्सस सिटीकडे गेला आणि २०२४ पर्यंत त्याने तीन सुपर बोल, म्हणजे तिथले विजेतेपदाचे अंतिम सामने, जिंकले होते. ट्रुबिस्कीची शिकागोतली कारकीर्द चार हंगामांत आटोपली.

‘‘मामा, मी तेव्हाच म्हटलं होतं, महोम्सला घ्या!’’ भाचा म्हणाला.

त्याच्या दुर्दैवाने आमचा कौटुंबिक व्हॉट्सॲप ग्रुप तेव्हाही होता आणि मी त्यातलं काही पुसत नाही. एप्रिल २०१७ चा त्याचा निरोप सापडला. त्याला हवा होता डेशॉन वॉटसन हा तिसराच क्वार्टरबॅक. महोम्सबद्दल एवढंच लिहिलं होतं, की हा नुसता चेंडू भिरकावतो. भाचा स्क्रीनकडे बघतच राहिला. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच तसं आठवत होतं.

ज्यांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकन फुटबॉलमध्ये चढाईची सूत्रं क्वार्टरबॅकच्या हातात असतात, चेंडू कोणाकडे फेकायचा ते तोच ठरवतो. कॉलेजातून येणारे खेळाडू ३२ संघ दर एप्रिलमध्ये वाटून घेतात, तोच ड्राफ्ट. आयपीएलसारखी बोली नसते, पाळी असते, आणि आदल्या हंगामात सगळ्यात वाईट खेळलेल्या संघाची पाळी साधारणपणे पहिली. अशा सात फेऱ्या होतात. त्यामुळे ‘आपण कोणाला घ्यायला हवं होतं’ हा तिथल्या चाहत्यांचा बारमाही उद्योग आहे.

भाच्याच्या आठवणीचं जे झालं त्यावर मानसशास्त्रात पन्नास वर्षांपूर्वीपासून काम झालेलं आहे, आणि त्यातला एक गाजलेला प्रयोग आपल्या शेजारच्या इतिहासावर बेतलेला आहे. बारूक फिशहॉफ या संशोधकाने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना १८१४ च्या इंग्रज-गुरखा युद्धाचा एक उतारा वाचायला दिला. काहींना शेवट सांगितला नाही. बाकीच्यांच्या गटांना वेगवेगळे शेवट सांगितले: कुठे इंग्रज जिंकले, कुठे गुरखे, कुठे दोघेही अडकून पडले. मग विचारलं, की शेवट माहीत नसता तर तुम्ही कोणत्या शेवटाला किती शक्यता दिली असती? ज्याला जो शेवट सांगितला होता, त्याला तोच आधीपासून जास्त संभवनीय वाटला. उतारा सगळ्यांचा एकच होता. शिवाय प्रत्येकाला त्या उताऱ्यातली ‘आपल्या’ शेवटाकडे बोट दाखवणारी वाक्यं महत्त्वाची वाटली. निकाल कळला की मेंदू जुने पुरावे नव्या क्रमाने लावतो आणि जुना क्रम फेकून देतो.

ड्राफ्टमध्ये हे दरवर्षी घडतं. १९९८ मध्ये पहिला क्वार्टरबॅक कोण, पेटन मॅनिंग की रायन लीफ, यावर खरोखरचा वाद होता. आज लीफचं नाव फसलेल्या निवडीसाठी जवळजवळ वाक्प्रचारासारखं वापरतात आणि ‘मॅनिंगच सरस हे आंधळ्यालाही दिसत होतं’ असं लोक सांगतात. पण लीफने पहिले दोन्ही सामने जिंकले होते, आणि मॅनिंगच्या पहिल्या हंगामात प्रतिस्पर्ध्यांनी त्याचे तब्बल २८ चेंडू मधल्यामध्ये पकडले. त्या डिसेंबरात मॅनिंगवर पैज लावायला किती जण पुढे आले असते?

आठवणीवर विसंबता येत नाही म्हटल्यावर लिहून ठेवायला हवं. पण काय लिहायचं? ‘जॉश ॲलन हा क्वार्टरबॅक चालणार नाही’ हे वाक्य भाकीत म्हणून कुचकामी आहे. चालणं म्हणजे काय, कधीपर्यंत, आणि तुमची किती खात्री आहे, यातलं काहीच त्यात नाही. इथे मदतीला येतात हवामानवाले. ग्लेन ब्रायर हे अमेरिकी हवामान खात्यातले गृहस्थ. ‘उद्या पावसाची शक्यता ७० टक्के’ असं सांगणाऱ्याला गुण कसे द्यायचे, हा त्यांचा प्रश्न होता. पाऊस पडला तर तो बरोबर का? नाही पडला तर चूक का? १९५० मध्ये त्यांनी दिलेलं उत्तर मला इतकं आवडतं, की पुढचे काही परिच्छेद मी त्यावरच खर्च करणार आहे.

घटना घडली तर निकाल १, नाही घडली तर ०. तुम्ही सांगितलेली शक्यता दशांशात घ्या, निकालातून वजा करा आणि वर्ग करा. सगळ्या भाकितांच्या वर्गांची सरासरी म्हणजे ब्रायर गुणांक. गोलंदाजाच्या सरासरीसारखा हा जितका कमी तितका चांगला.

यात वर्ग कशाला, असं कोणीही विचारेल. नुसता फरक घेतला तर? समजा, तुम्हाला मनापासून एखाद्या गोष्टीची ७० टक्के खात्री आहे. नुसत्या फरकाच्या हिशेबात ७० म्हणालात, तर दहापैकी सात वेळा ०.३ आणि तीन वेळा ०.७ दंड, म्हणजे सरासरी ०.४२. पण छातीठोकपणे ‘१०० टक्के’ म्हणालात, तर सात वेळा दंड शून्य, तीन वेळा १, सरासरी ०.३०. म्हणजे थाप मारणारा फायद्यात! आता वर्ग करून बघा. ७० म्हणणाऱ्याचा दंड सात वेळा ०.०९ आणि तीन वेळा ०.४९, सरासरी ०.२१. शंभर म्हणणाऱ्याचा ०.३०, आणि ‘सांगता येत नाही बुवा, पन्नास-पन्नास’ म्हणणाऱ्याचा ०.२५. सगळ्यात कमी दंड कोणाला? मनात आहे तेच सांगणाऱ्याला. ७० च्या जागी कोणताही आकडा घ्या, हेच होईल. बारावीचं कलन आठवत असेल तर दोन ओळींत सिद्धता होते. खोटा आत्मविश्वास आणि खोटी नम्रता दोन्ही महाग पडतील अशी वर्गाची ही साधी क्रिया आहे.

आता खरा ड्राफ्ट घेऊ. २०१८ मध्ये पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले: बेकर मेफिल्ड (१), सॅम डार्नल्ड (३), जॉश ॲलन (७), जॉश रोझन (१०) आणि लमार जॅक्सन (३२). प्रश्न नेमका करू: पाचव्या हंगामात, म्हणजे २०२२ मध्ये, हा खेळाडू निवडणाऱ्या संघाचाच मुख्य क्वार्टरबॅक असेल का? उत्तरं अनुक्रमे नाही, नाही, हो, नाही, हो.

एक ठाम काका कल्पा. पहिल्या क्रमांकाचा म्हणून मेफिल्डला ९० टक्के, डार्नल्डला ९०, रोझनला ८०. ॲलनचे कॉलेजातले जेमतेम ५६ टक्के पास पोहोचले, म्हणून त्याला १०. जॅक्सन पळतोच फार, म्हणून त्यालाही १०. काकांचा गुणांक ०.७७६. शेजारी एक अभ्यासू चाहता: मेफिल्ड ६०, डार्नल्ड ५०, ॲलन ४०, रोझन ४०, जॅक्सन ५०. त्याचा ०.२७६. आणि काहीच न बघता सगळ्यांना ५० देणाऱ्या आजीचा ०.२५. अभ्यासूसुद्धा आजीपेक्षा मागे! पाच भाकितांवरून कोणाची अक्कल ठरत नाही हे खरंच आहे, पण जुनी भाकितं तपासायला बसलेल्याला हा पहिला धक्का बसायलाच हवा.

ॲलन मर्फी या हवामानशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये या गुणांकाचे तीन तुकडे केले आणि इथे खरी मजा आहे. पहिला तुकडा अनिश्चितता, जो खेळाचा आहे, तुमचा नाही. पाचात दोन टिकले, म्हणून ०.४ × ०.६ = ०.२४. दुसरा मेळ: तुम्ही ज्यांना ७० टक्के दिले त्यातले खरंच ७० टक्के टिकतात का? यातली चूक गुणांकात मिळवायची. तिसरा भेद: टिकणारे आणि न टिकणारे तुम्ही वेगवेगळ्या ढिगांत टाकले का? ते श्रेय वजा करायचं. सगळ्यांना ४० देणाऱ्याची मेळातली चूक शून्य, भेद शून्य, म्हणून गुणांक नेमका ०.२४. आता काकांकडे बघा. त्यांच्या उंच ढिगांत एकही टिकला नाही, खालच्या ढिगातले दोन्ही टिकले. म्हणजे भेद पैकीच्या पैकी, ०.२४! बुडाले ते मेळात, ०.७७६ ने. काकांना माणसं वेगळी काढता येत होती, फक्त उलटी. त्यांच्या बरोब्बर विरुद्ध आकडे लावणाऱ्याला ०.०१६ मिळाले असते. शेअर बाजारात असा एक नातेवाईक प्रत्येक घरात असतो.

पण ४० टक्के हा आकडा आधी कुठून आणायचा? मागच्या वर्षांतून. २०२१ मध्येही पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले. ट्रेव्हर लॉरेन्स सोडला तर बाकीचे चौघे चौथा हंगाम सुरू व्हायच्या आत दुसरीकडे रवाना झाले होते. दोन्ही वर्षं मिळून दहातले सात गेले. हा आरंभीचा दर डोक्यात ठेवूनच प्रत्येक पोराचा हात, उंची, कॉलेज बघायचं असतं. चाहते नेमकं उलट करतात, पोर बघून दर विसरतात. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या रिचर्ड थेलर यांनी केड मॅसी यांच्यासोबत या ड्राफ्टचाच अभ्यास केला होता. एकाच जागेवर खेळणारे लागोपाठ निवडलेले दोघे घेतले, तर आधी निवडलेला सरस ठरण्याची शक्यता त्यांना ५२ टक्क्यांच्या आसपास आढळली. नाणेफेकीहून कणभर जास्त, आणि हे पूर्णवेळ पगारी निवडकर्त्यांचं.

म्हणून निवडकर्ते मूर्ख, असाही निष्कर्ष काढू नका. टॉम ब्रॅडी २००० साली १९९ वा निवडला गेला, त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक गेले, हे सगळे सांगतात. त्याला घेणाऱ्या न्यू इंग्लंडनेही आधीच्या पाळ्यांत दुसरीच माणसं उचलली होती. आणि २०२२ मध्ये अगदी शेवटचा, २६२ वा निवडलेला ब्रॉक पर्डी सुपर बोलपर्यंत पोहोचला. पण शेवटच्या फेऱ्यांतून आलेले आणि कोणाच्या लक्षातही न राहिलेले किती, ते कोणी मोजत बसत नाही.

याच कारणाने मला पॉल ऑक्टोपसचा राग यायचा. २०१० च्या फुटबॉल (सॉकर) विश्वचषकात त्याने आठपैकी आठ सामन्यांचे विजेते बरोबर सांगितले. नाणं आठदा सलग तसं पडण्याची शक्यता २५६ त एक. जगभरात भाकितं सांगणारे पोपट, उंट, मांजरं शेकड्यांनी असतील तर एखादा आठवर आठ मिळवणारच, आणि बातमी त्याचीच होणार. आपल्याकडे पुण्यात २००८ मध्ये जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी ज्योतिषांची रीतसर चाचणी घेतली, तेव्हा उत्तरपत्रिका आधी बंद केलेली होती. पत्रिका पाहून मूल हुशार की मतिमंद एवढंच सांगायचं होतं. २७ ज्योतिषांनी उत्तरं दिली आणि बरोबर उत्तरांचं प्रमाण निम्म्याहून कमी आलं. आधी लिहून घेतल्याशिवाय हे कळलं नसतं. नंतर विचारलं असतं तर शनी कुठेतरी सापडलाच असता.

बिल पोलियन यांचा मात्र मला आदर वाटतो. १९९८ मध्ये लीफ सोडून मॅनिंगला घेणाऱ्या इंडियानापोलिसची सूत्रं त्यांच्याकडे होती. याच पोलियननी २०१८ मध्ये जॅक्सनने क्वार्टरबॅक सोडून पास झेलणाऱ्याची जागा घ्यावी असं मत दिलं. २०१९ च्या हंगामात जॅक्सन सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि तो किताब हाती येण्याआधीच पोलियननी आपण चुकलो हे जाहीरपणे मान्य केलं. त्यांचं मत नोंदलेलं होतं, म्हणून ते मागे घेता आलं. भाच्याचंही नोंदलेलं होतं, पण ते मामाच्या फोनमध्ये.

अर्थात मुदत बदलली की निकालही बदलतो. २०२२ च्या आमच्या प्रश्नात डार्नल्ड शून्य. त्याच डार्नल्डने २०२४ मध्ये मिनेसोटाकडून १४ सामने जिंकून दिले. मेफिल्डही टॅम्पात उभा राहिला. महोम्स शिकागोत आला असता तर महोम्सच झाला असता का, हे कोणताही गुणांक सांगू शकत नाही. कॅन्सस सिटीत तो पहिलं वर्षभर ॲलेक्स स्मिथच्या मागे बसून शिकला, आणि फक्त शेवटच्या सामन्यात सुरुवातीपासून उतरला.

निघायच्या आदल्या रात्री मी भाच्याला कागद दिला. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या बारांत तब्बल सहा क्वार्टरबॅक गेले होते. प्रश्न तोच, मुदत पाचवा हंगाम, म्हणजे २०२८. त्याने पाच मिनिटं डोकं खाजवून लिहिलं: विल्यम्स ९५, डॅनियल्स ९५, मे ९०, पेनिक्स ६०, मकार्थी ६०, निक्स ८०. मी खाली बेरीज केली, ४८०. म्हणजे तुझ्या मते सहातले जवळजवळ पाच टिकणार, मी म्हटलं, आणि २०१८ आणि २०२१ च्या खेपांत मिळून दहातले सात गेलेत.

त्याने कागद परत घेतला. बराच वेळ बघितला. ‘‘पण मामा, या वर्षीची पोरं वेगळी आहेत,’’ म्हणाला, आणि विल्यम्सचे ९५ खोडून ९७ केले. कागद त्यांच्या फ्रिजवर आहे. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला आहे.