हनुमान ते अशनी: पश्चिम पॅसिफिकमधल्या वादळांची नावं कशी ठरतात आणि कशी बाद होतात

पश्चिम पॅसिफिकमधल्या वादळांसाठी 1 जानेवारी 2000 पासून नवी यादी लागू झाली. तिच्यात थायलंडने दिलेल्या दहा नावांत एक नाव होतं ‘हनुमान’. ते एखाद्या वादळाला लागण्याआधीच भारताच्या हवामान खात्याने धार्मिक कारणावरून हरकत घेतली. भारत ही यादी ठरवणाऱ्या टायफून समितीचा सदस्य नाही, तरीही हरकत मानली गेली आणि थायलंडने दुसरं नाव दिलं: ‘मोराकोत’. मोराकोत म्हणजे पाचू, आपल्या जुन्या कवितेतलं मरकत.

ऑगस्ट 2009 मध्ये हे नाव घेतलेलं वादळ तैवानवर गेलं. अलीशानच्या डोंगरात काही दिवसांत 2500 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, म्हणजे मुंबईच्या अख्ख्या पावसाळ्याहून जास्त. 9 ऑगस्टच्या सकाळी शाओलिन गावावर डोंगर कोसळला आणि चारशेहून जास्त माणसं गेली. माळीण ज्यांना आठवतं त्यांना यापुढचं सांगायला नको. मोराकोत नाव बाद झालं आणि त्या जागी थायलंडने ‘अत्सानी’ दिलं. अत्सानी म्हणजे वीज, संस्कृतातला अशनी.

यादीतल्या एकाच घरात आलेली ही तीन नावं. पहिलं हरकतीमुळे गेलं, दुसरं माणसं गेली म्हणून गेलं, तिसरं 2015 आणि 2020 मध्ये वादळांना लागलं. सगळी प्रक्रिया या तीन नावांत आहे, म्हणून सुरुवात इथून केली.

नाव कोण देतं?

जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा आशिया-पॅसिफिकसाठीचा आयोग यांची मिळून एक टायफून समिती आहे. ती 1968 मध्ये स्थापन झाली. नावं देणारे चौदा: कंबोडिया, चीन, उत्तर कोरिया, हाँगकाँग, जपान, लाओस, मकाऊ, मलेशिया, मायक्रोनेशिया, फिलिपाईन्स, दक्षिण कोरिया, थायलंड, अमेरिका आणि व्हिएतनाम. प्रत्येकाची दहा नावं, एकूण 140. ती अठ्ठावीस-अठ्ठावीसच्या पाच रकान्यांत मांडलेली असतात आणि देशांच्या इंग्रजी नावांच्या क्रमाने लागतात. म्हणून पहिला मान कंबोडियाला मिळाला: ‘दामरेय’, म्हणजे हत्ती.

वर्ष बदललं तरी यादी पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही. डिसेंबरमध्ये जिथे थांबली तिथून जानेवारीत पुढे चालते. या समुद्रात वर्षाला सरासरी पंचवीसेक वादळांना नाव लागतं, त्यामुळे यादी संपायला साडेपाच वर्षांच्या आसपास लागतात आणि मग पुन्हा पहिलं नाव येतं. 2000 च्या आधी नावं अमेरिकी लष्कराचं वादळ केंद्र देत असे. आधी नुसती बायकांची, मग 1979 पासून पुरुषांचीही. ज्यांच्या दारात वादळ येतं त्यांच्या भाषेतलं नाव त्याला हवं, हा साधा न्याय नव्या यादीने केला.

वादळ पात्र कधी ठरतं?

यादी समितीची असली तरी तिच्यातलं पुढचं नाव प्रत्यक्ष लावण्याचं काम टोकियोचं केंद्र करतं. ते जपानची हवामान संस्था चालवते. क्षेत्र आहे पूर्व रेखांश 100 ते 180 अंश आणि विषुववृत्ताच्या उत्तरेला. या क्षेत्रातल्या प्रणालीच्या वाऱ्याचा दहा मिनिटांचा सरासरी वेग 34 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 63 किलोमीटर झाला की पुढचं नाव लागतं. वेग 64 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 118 किलोमीटर झाला की त्याला टायफून म्हणतात. नावासोबत चार आकडी क्रमांकही मिळतो. 2013 चं ‘हैयान’ 1330 होतं: तेराव्या सालातलं तिसावं. मध्य पॅसिफिकमधून कुणी आधीच नाव घेऊन 180 अंश ओलांडलं तर तेच नाव राहतं. उलट दिशेलाही तसंच. लाओसने दिलेलं ‘पाबुक’ (मेकाँगमधला अजस्र मासा) जानेवारी 2019 मध्ये थायलंड ओलांडून अंदमानच्या समुद्रात आलं, तेव्हा आपल्या हवामान खात्यानेही त्याला पाबुकच म्हटलं.

नावाची पात्रता आणि सोबत जोडायची माहिती

नाव सुचवण्याचा अधिकार फक्त वरच्या चौदांना आहे. कुणा व्यक्तीचा किंवा संस्थेचा अर्ज समितीकडे थेट जात नाही. हाँगकाँगच्या वेधशाळेसारख्या संस्था आपल्या लोकांकडून नावं मागवतात, त्यातून निवडलेली पुढे जातात. नावासोबत त्याचा उच्चार आणि अर्थ द्यावा लागतो. यादीच्या तक्त्यात नावापुढे हेच छापलेलं असतं.

अटी मोजक्या आहेत. रोमन लिपीत जास्तीत जास्त नऊ अक्षरांचं, उच्चाराला सोपं, कुणाची व्यापारी खूण नसलेलं, आणि दुसऱ्या कुठल्याही सदस्याच्या भाषेत भावना दुखावणारा अर्थ निघणार नाही असं. शेवटची अट खरी अवघड. चौदा सदस्यांच्या भाषांतून तावूनसुलाखून नाव जातं आणि एकाची हरकतही ते अडवायला पुरते.

या चाळणीतूनही कधीकधी चूक निसटते. उत्तर कोरियाने ‘सोनामु’ दिलं होतं. अर्थ किती शांत: पाईनचं झाड. पण ऐकताना ते ‘त्सुनामी’सारखं लागतं. 2004 च्या डिसेंबरनंतर या किनाऱ्यांवर रेडिओवरून तसा शब्द कानी पडला तर काय होईल, हे वेगळं सांगावं लागत नाही. ते नाव काढलं आणि ‘जोंगदारी’, म्हणजे चंडोल, आलं. त्या वादळाने हानी केली म्हणून हे झालं नाही. ऐकणाऱ्याचा गोंधळ टाळायचा, एवढंच कारण त्याला पुरेसं होतं, आणि मला ते पटतं.

बाकी यादी वाचत बसावी अशी आहे. जपानने नक्षत्रांची नावं दिली. थायलंडच्या यादीत ‘खानून’ आहे, म्हणजे फणस, आणि ‘प्रपिरून’ आहे, म्हणजे वरुणदेव. हनुमान गेला, वरुण राहिला. ‘मेक्कला’ ही विजेची देवी. थाई कथेत कुऱ्हाडवाला रामसूर तिच्या मागे लागतो, तिच्या हातातला मणी चमकतो ती वीज आणि त्याची कुऱ्हाड आदळते तो गडगडाट. रामसूरचंही नाव यादीत होतं, ‘रामासून’. 2014 च्या वादळानंतर तेही बाद झालं.

नाव बाद करण्याची प्रक्रिया

वादळाने फार मोठी हानी केली की झळ बसलेला सदस्य समितीच्या वार्षिक बैठकीत नाव बाद करण्याची मागणी ठेवतो. किती मृत्यू, किती नुकसान असा ठरलेला आकडा इथे नाही. समिती विचार करून ठरवते. मान्य झालं की ज्याने ते नाव दिलं होतं त्यानेच बदली नाव द्यायचं, आणि ते पुढच्या बैठकीत मंजूर होतं. चीनचं ‘हैयान’ (वादळपक्षी) 2014 च्या बैठकीत गेलं. पुढच्या वर्षी त्याच्या जागी ‘बाईलू’, म्हणजे पांढरं हरीण, आलं.

हैयानबद्दल थोडं थांबून लिहायला हवं. 8 नोव्हेंबर 2013 ला ते मध्य फिलिपाईन्सवर आदळलं. सहा हजार तीनशे माणसं मेल्याची सरकारी नोंद आहे. लेते बेटावरच्या ताक्लोबान शहरात समुद्र आत शिरला आणि अनिबोंग भागात मोठमोठी जहाजं घरांवर येऊन बसली. त्यातल्या एकाचा पुढचा भाग तिथेच स्मारक म्हणून ठेवला आहे. वस्तीच्या मधोमध, रस्त्याकडे नाळ करून. वादळाची सूचना आधी मिळाली होती. पण सूचनेतला ‘स्टॉर्म सर्ज’ हा शब्द लोकांच्या ओळखीचा नव्हता. त्सुनामी म्हटलं असतं तर पळालो असतो, असं वाचलेल्या कितीतरी जणांनी नंतर सांगितलं. आपल्याकडे ‘उधाण’ हा शब्द पोराटोरांना कळतो. तो इशाऱ्यात असणं किती मोलाचं आहे, हे ताक्लोबान सांगतं.

हानीशिवायही नाव बाद होतं. मकाऊचं ‘वामेई’ (एक गाणारा पक्षी) डिसेंबर 2001 मध्ये सिंगापूरजवळ, विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर तयार झालं. तिथे वादळ बनणं जवळपास अशक्य मानत. ती नोंद वेगळी राहावी म्हणून नाव पुन्हा वापरात आलं नाही.

फिलिपाईन्सची दोन नावं

नात्यातलं कुणी मनिलात असेल किंवा त्या मार्गावरच्या जहाजावर असेल तर हे लक्षात ठेवा. फिलिपाईन्सची हवामान संस्था पगासा आपल्या हद्दीत आलेल्या वादळाला स्वतःचं नाव देते, तेही ते अजून कमी दाबाचं तीव्र क्षेत्र असतानाच. हैयान तिथे ‘योलांडा’ होतं. पगासाच्या पंचवीस नावांच्या चार याद्या आहेत, त्या दर चार वर्षांनी फिरून येतात आणि दरवर्षी पहिल्या अक्षरापासून सुरू होतात. तिथे नाव बाद करायला आकडा ठरलेला आहे: 300 मृत्यू किंवा एक अब्ज पेसोंचं नुकसान. फोनवर योलांडा आणि बातमीत हैयान ऐकून दोन वादळं आली असं समजू नये.

मराठी माणसाला नाव सुचवायचं असेल तर

पॅसिफिकच्या यादीसाठी आपल्याला वाट नाही. पण बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र यांची यादी दिल्लीत सांभाळली जाते. 2020 मध्ये तेरा देशांची 169 नावं तिच्यात आली. इथे नाव एकदाच वापरतात, म्हणून बाद करण्याचा प्रश्नच येत नाही. 3 जून 2020 ला अलिबागजवळ आलेलं ‘निसर्ग’ हे त्या यादीतलं पहिलं नाव, बांगलादेशने दिलेलं.

सूचना लेखी पाठवता येते: महासंचालक, भारतीय हवामान विभाग, मौसम भवन, लोदी रोड, नवी दिल्ली 110003. नाव रोमनमध्ये आठ अक्षरांपर्यंत असावं, आधी वापरलेलं नसावं. धर्म, राजकारण, स्त्री-पुरुष भेद यांपासून दूर असावं. देशांनी या यादीसाठी नावं देताना उच्चाराचं ध्वनिमुद्रणही जोडायचं असतं, म्हणून पत्रात उच्चार आणि अर्थ स्वच्छ लिहा. आणि पाकीट बंद करण्याआधी ते नाव एकदा मोठ्याने म्हणून पाहा, बंदरावरच्या कर्ण्यातून, वारा सुटलेला असताना, होडीतल्या माणसाला ऐकू जाईल असं.