एएफएल फॅन्टसी आणि सुपरकोच: तेच ३० खेळाडू दोन्हीकडे का चालत नाहीत

फेब्रुवारी सरत आला की मेलबर्नच्या आमच्या ऑफिसात डबे उघडता उघडता पहिला प्रश्न येतो, "रक कोण घेतलेस?" पहिल्या वर्षी मी नुसती मान डोलावली होती. पुढे फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, कळायला लागली, फॅन्टसीचा, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ बांधून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायच्या खेळाचा, नाद लागला आणि नवशिक्याने करायची ती चूक मी केली. एएफएल (फूटीची इथली मुख्य लीग) फॅन्टसीत रात्र जागवून ३० जणांचा संघ बांधला आणि तोच जसाच्या तसा सुपरकोच या तशाच दुसऱ्या खेळात उतरवला. जूनपर्यंत एका लीगमध्ये मी वरच्या चौघांत होतो आणि दुसरीत तळ गाठला होता. खेळाडू तेच, सामनेही तेच.

गफलत होणं साहजिक आहे, कारण दोन्ही खेळ दिसतात जुळ्या भावांसारखे. दोन्हीकडे ढाचा वर्षानुवर्षं साधारण एकच: मैदानावर २२ जण, त्यात ६ बचावाचे, ८ मिडफिल्डर, २ रक (म्हणजे कोण, ते पुढे येतं), ६ आघाडीचे, आणि बाकीचे बेंचवर. दोन्हीकडे पगारमर्यादा (संघावर खर्चायची कमाल रक्कम) आहे, कप्तानाचे गुण दुप्पट होतात, कामगिरीप्रमाणे खेळाडूचा भाव वरखाली होतो. बारीकसारीक नियम दरवर्षी थोडे हलवतात, तेवढे मार्चआधी बघून घ्यावेत. एएफएल फॅन्टसी खुद्द लीगची, सुपरकोच न्यूज कॉर्पच्या वृत्तपत्रांचा. ड्रीम११ची सवय असलेल्यांसाठी एवढंच सांगतो, की इथे संघ एका सामन्यापुरता नसतो. मार्चमध्ये घेतलेला माणूस ऑगस्टपर्यंत तुमच्या गळ्यात पडू शकतो.

खरा फरक गुण मोजण्यात आहे.

एएफएल फॅन्टसीचा हिशेब वाण्याच्या वहीसारखा सरळ. किकला ३, हँडबॉलला (मुठीने मारून दिलेल्या पासला) २, मार्कला (झेलाला) ३, टॅकलला (धरून अडवण्याला) ४, गोलला ६, बिहाइंडला (थोडक्यात हुकलेल्या गोलला) १, हिटआउटला (रकच्या थापटीला) १, फ्री किक मिळाली तर १ आणि दिली तर उणे ३. किक कुठे गेली, कुणाच्या हातात पडली, याच्याशी वहीला देणंघेणं नाही. घरी टीव्हीसमोर बसून बोटांवर मोजता येतं.

सुपरकोच मात्र विचारतो, त्या किकचा उपयोग काय झाला? गुण देते चॅम्पियन डेटा ही आकडेवारीची कंपनी. ठीक साथीदाराकडे गेलेली किक साधारण ४ गुणांची, प्रतिस्पर्ध्याच्या हातात आयती दिलेली उणे ४. घोळक्यात हात घालून काढलेल्या चेंडूला साडेचार. वर सामन्यातल्या सगळ्यांचे गुण मिळून ३३०० व्हावेत असे ते बसवतात, आणि सामना अटीतटीचा असताना शेवटच्या मिनिटांत केलेल्या कामाला जास्त वजन मिळतं. म्हणून सामना संपल्यावरही आकडे हलतात, आणि रविवारी संध्याकाळी आमच्या ग्रुपवर बोंबाबोंब होते.

एकच किक घ्या. हाफबॅकने (बचावफळीतल्या खेळाडूने) चेंडू मारला आणि तो थेट समोरच्या संघाच्या छातीवर बसला. फॅन्टसीत त्याला ३ मिळाले, सुपरकोचमध्ये ४ गेले. एका फटक्यात ७ गुणांचं अंतर. असा माणूस सामन्यात चार वेळा चुकला तर हिशेब तुम्हीच करा. माझ्या पहिल्या वर्षीच्या संघात असे दोन हाफबॅक होते. चेंडू सारखा त्यांच्याकडे, पण पाय वाकडे. फॅन्टसीत ते माझे लाडके होते, सुपरकोचमध्ये त्यांनी मला बुडवलं.

उलटी बाजूही आहे. उंच बचावपटू दोघांच्या मधे घुसून प्रतिस्पर्ध्याचा चेंडू वरच्या वर झेलतो. फॅन्टसीत तो नुसता मार्क, ३ गुण. सुपरकोचच्या तक्त्यात त्यालाच ८च्या आसपास. त्यामुळे गीलाँगचा टॉम स्ट्युअर्ट किंवा ब्रिस्बेनचा हॅरिस अँड्र्यूज यांच्यासारखी माणसं सुपरकोचवाल्यांना फॅन्टसीवाल्यांपेक्षा जास्त प्यारी. जीडब्ल्यूएस संघाचा लॅकी व्हिटफील्ड मोकळ्या जागेत पळून झेल घेणार, लगेच किक मारणार: ३ आणि ३, सहा. याला इथे 'प्लस सिक्स' म्हणतात, आणि फॅन्टसीची बचावफळी या सहा-सहाच्या चिल्लरवरच श्रीमंत होते.

आता रक. पंचाने चेंडू वर उडवला की उडी मारून तो आपल्या माणसाकडे थापटणारा उंच गडी तो रक. समजा त्याने सामन्यात ४० हिटआउट जिंकले. फॅन्टसीत सरळ ४० गुण. सुपरकोच विचारणार, त्यातले नेमके आपल्या माणसाच्या हातात किती गेले? १२ गेले असतील तर प्रत्येकी ५ प्रमाणे ६०. थापट्या मारून चेंडू नुसता इकडेतिकडे उडवणारा रक फॅन्टसीत चालून जातो, सुपरकोचमध्ये नाही. मेलबर्नचा मॅक्स गॉन दोन्हीकडे चालतो, म्हणून रकच्या ओळीत पैसा वाचवायचा नाही, असं मी स्वतःला दरवर्षी बजावतो आणि दर दोन वर्षांनी विसरतो.

मिडफिल्डर निवडतानाही हाच चाळणीचा फरक. कार्लटनचा पॅट्रिक क्रिप्स (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक २०२२ आणि २०२४) घोळक्यातून चेंडू उपसून काढणारा, सुपरकोचच्या मापाचा. फॅन्टसीत चेंडू किती वेळा हाताला लागला याला भाव. २०१८च्या पहिल्या फेरीत हॉथॉर्नच्या टॉम मिचेलने कॉलिंगवूडविरुद्ध ५४ वेळा चेंडू खेळवला, तो विक्रम होता. असा माणूस फॅन्टसीवाल्याला स्वप्नात दिसतो.

पैशाचं गणित दोन्हीकडे बरचसं सारखं. सुपरकोचची मर्यादा बरीच वर्षं १ कोटी डॉलरच्या घरात आहे. सव्वा लाखाचे १२ नवखे धरले तर १५ लाख गेले. उरलेल्या ८५ लाखांत १८ जण, म्हणजे माणशी पावणेपाच लाखही नाहीत, आणि अव्वल मिडफिल्डरच सहा-सात लाखांचा. मग खालून आणि वरून घ्यायचं, मधलं टाळायचं, हा इथला जुना मंत्र: थोडे महाग, बरेच नवखे. नवख्याचा भाव फुगला की विकून अव्वल माणूस आणायचा.

पण 'मधलं टाळा' हे दोन्हीकडे सारख्याच जोराने लागू होत नाही, आणि ट्रेडचा, म्हणजे खेळाडू बदलायच्या संधीचा, मुद्दा येतो तो इथे. फॅन्टसीत दर आठवड्याला २ ट्रेड मिळतात, न वापरलेले वाया जातात. पगारासारखं आहे, पुढच्या आठवड्यात पुन्हा येणारच. त्यामुळे मधल्या किमतीच्या माणसावर जुगार खेळला आणि फसला, तर मंगळवारी बदलून मोकळे. सुपरकोचमध्ये अख्ख्या हंगामासाठी ठरावीक ट्रेड, ही बँकेतली ठेव. चुकीचा माणूस सुधारण्यात गेलेला ट्रेड जुलैत दुखापतींच्या वेळी हवा असतो. तिथे मधल्या किमतीचे आठ जण घेतले, तर एक ना धड भाराभर चिंध्या. आणि सुपरकोचमध्ये भाव तिसऱ्या सामन्यानंतरच हलतो, म्हणून नवखा स्वस्त आहे एवढं पुरत नाही, त्याला सलग संधी मिळायला हवी. सामन्याआधी संघ जाहीर होतात. ते बघितल्याशिवाय नवख्यांना मी हात लावत नाही.

बायचं, म्हणजे संघाच्या विश्रांतीच्या आठवड्याचं, एक ध्यानात ठेवा. २०२४पासून ओपनिंग राउंड, म्हणजे मोजक्याच संघांची सुरुवातीची फेरी, आली. त्यात खेळलेल्या संघांना लवकरच विश्रांती मिळते, आणि एकाच ओळीतले चार जण एकाच आठवड्यात गायब होऊ शकतात.

यंदा मी दोन वेगळे कागद घेतले. फॅन्टसीच्या कागदावर एकूण किका आणि मार्क, सुपरकोचच्या कागदावर झगडून मिळवलेले चेंडू आणि उपयोगी किका. दोन्ही कागदांवर मिळून सारखी नावं निघाली अकरा, त्यातले सात नवखे. बारावं नाव हाफबॅकचं होतं, पाय वाकडाच. त्याला फक्त फॅन्टसीत घेतलं आहे.